अणुपाणबुडी म्हातारी कधी होते?

प्रश्न : अणुपाणबुडीला डिझेल भरावं लागत नाही, मग ती कायमची का नाही चालत? तिला रिटायर का करतात?

उत्तर : तिचं अणुइंधन संपणं हे एक कारण झालं, पण खरी झीज होते ती तिच्या पोलादी सांगाड्याची. प्रत्येक वेळी खोल गेलं की पाण्याच्या दाबाने तो आवळला जातो, वर आलं की सैल होतो, असं वर्षानुवर्षं चाललं की धातू थकतो हो, आपल्या गुडघ्यांसारखाच. अमेरिकेची यूएसएस लॉस एंजेलिस १९७६ ला नौदलात आली आणि २०११ ला निवृत्त झाली, म्हणजे जवळपास सरकारी नोकरीच! त्या जुन्या बोटींना मध्येच रिअ‍ॅक्टरचं, म्हणजे अणुभट्टीचं, इंधन बदलावं लागायचं, त्यासाठी बोट फार काळ गोदीत अडकायची आणि खर्च अफाट, म्हणून काहींना त्याआधीच घरी पाठवलं. अमेरिकेच्या नव्या व्हर्जिनिया क्लासच्या पाणबुड्यांमध्ये ही भानगडच नाही, एकदा भरलेलं इंधन ३३ वर्षं पुरेल असंच डिझाइन आहे.

यूएसएस मायामीचं मात्र वाईट वाटतं. १९९० ची बोट, २०१२ मध्ये गोदीत दुरुस्तीला असताना तिथल्याच एका कामगाराने कामावरून लवकर सुटायला म्हणून आग लावली, दुरुस्तीचा खर्च परवडेना, २०१४ ला बोट भंगारात.