पिस्तुलाची वही

कोलंबस, ओहायो
खंडेनवमी

प्रिय पोरी,

परवा फोनवर तू विचारलंस, "काका, तीनशे डॉलरचं पिस्तूल भरवशाचं असतं का हो?" मी "सावकाश लिहितो" म्हणालो आणि फोन ठेवला. मला उत्तर टाळायचं नव्हतं. पण रात्रपाळी संपवून पहाटे पार्किंगमधून एकट्या चालत येणाऱ्या मुलीला नुसतं हो किंवा नुसतं नाही सांगून मोकळं होणं मला पटेना.

पुण्यात टूलरूममध्ये होतो तेव्हा आजच्या दिवशी आम्ही लेथ पुसून त्याला झेंडू वाहायचो. इथे तळघरातल्या बाकावर पान्हे, व्हर्नियर आणि माझं पिस्तूल साफ करून मांडलंय. पिस्तूल उघडलेलं समोरच आहे, म्हणून आजच लिहायला बसलो.

आधी कायद्याचं सांगतो, कारण त्यात चूक झाली तर बाकी सगळं फोल. तुझं ग्रीन कार्ड आलंय आणि तुझी एकविशीही उलटली आहे, त्यामुळे दुकानातून पिस्तूल घेता येईल. बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरशील, दुकानदार तुझी पार्श्वभूमी तपासून घेईल. पण तुझी रूममेट एच-वन-बीवर आहे. अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. म्हणून तिजोरी पिस्तुलाच्या आधी घ्यायची, आणि तिची किल्ली किंवा आकडा फक्त तुझ्याकडे. मैत्रिणीवर अविश्वास म्हणून हे सांगत नाही, तिचा व्हिसा धोक्यात येऊ नये म्हणून सांगतोय.

आता भरवशाचं. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी जाशील तिथे कुणी सांगेल, "माझं दोनशे डॉलरचं आहे, आजवर एकदाही अडकलं नाही." शेजारच्या लेनवरचा म्हणेल, "त्या कंपनीचं फुकट दिलं तरी घेऊ नकोस." दोघंही खरं बोलत असतील. मी एकदा अशाच एका खुशीत असलेल्या मालकाला विचारलं, किती गोळ्या झाल्या? त्याने आठवून आठवून सांगितलं, तीन वर्षांत चाळीसेक. चाळीस गोळ्यांना त्याचं पिस्तूल अडकलं नाही, एवढंच त्याला ठाऊक होतं. म्हणून कुणाचाही अनुभव ऐकलास की तीन गोष्टी विचार: किती गोळ्या, कुठल्या गोळ्या, किती मॅगझीन (गोळ्या भरून पिस्तुलात बसवायची डबी). यांची उत्तरं मिळाली नाहीत तर ते ऐकणं तिथेच सोडून दे.

आम्ही माल तपासताना एक सोपा हिशेब वापरायचो. सलग तपासलेल्या नगांत एकही खोट निघाली नाही, तर तीनला त्या नगांच्या संख्येने भागायचं. खोटीचं खरं प्रमाण जास्तीत जास्त किती असू शकतं ते ९५ टक्के खात्रीने कळतं. पिस्तुलाला तोच हिशेब लाव. पन्नास गोळ्या बिनबोभाट गेल्या, तरी अडण्याचं प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत असू शकतं. दोनशे गेल्या तर दीड टक्का, पाचशे गेल्या तर ०.६ टक्के. दीड टक्का ऐकायला किरकोळ वाटतं. पण बारा गोळ्यांचं मॅगझीन सलग झाडताना ते दर सहा वेळांमागे एकदा अडणं होतं. पन्नास गोळ्यांचा एक डबा झाडून "चालतंय की" म्हणत पिस्तूल पर्समध्ये टाकणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि मला त्यांची खरोखर काळजी वाटते.

माझ्या पहिल्या पिस्तुलाची हकीकत ऐक. छोटं, प्लॅस्टिकच्या फ्रेमचं, नऊ मिलिमीटरच्या गोळीचं, स्वस्तातलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण एका नगावरून कंपनी तोलणं हीच चूक तुला टाळायला सांगतोय. पहिल्याच दिवशी पन्नास गोळ्यांत चार वेळा अडकलं. घरी आलो, शंभर पानी वही काढली आणि रकाने आखले: तारीख, गोळीचा प्रकार, मॅगझीनचा नंबर, एकूण गोळ्या, हात कुणाचा, काय झालं. दोन्ही मॅगझीनच्या तळाला पांढऱ्या रंगाने १ आणि २ असे आकडे घातले. तिसऱ्या खेपेला वहीच बोलली. अडकण्याच्या अकरा नोंदींपैकी दहा दोन नंबरच्या मॅगझीनच्या होत्या. व्हर्नियर लावून पाहिलं तर त्याच्या वरच्या कडांपैकी एक किंचित आत वळलेली. गोळीला धरून ठेवतात आणि वेळेवर सोडतात त्या कडा. एक कड जास्त आवळत होती, त्यामुळे गोळीचं नाक वर उचललं जात नव्हतं आणि ते नळीच्या तोंडाशी गोळी आत शिरण्यासाठी असलेल्या उतारावर आदळत होतं. मी पकडीने कड वाकवत बसलो नाही, नवं मॅगझीन मागवलं आणि तो त्रास संपला.

वही नसती तर मी पिस्तूलच विकून टाकलं असतं आणि दहा जणांना सांगत सुटलो असतो की ही बनावटच भिकार आहे.

दुसरा धडा तुझ्या काकूच्या हातून मिळाला. माझ्या हातात नीट चालणारं तेच पिस्तूल तिच्या हातात रिकामी पुंगळी बाहेर फेकेना. पुंगळी स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या खिडकीत चिमटून उभी राहायची. इथले लोक त्याला स्टोव्हपाइप म्हणतात. मला वाटलं गोळी कमजोर. तिने मात्र शिकवणाऱ्या बाईंकडून पकड सुधारून घेतली, तळवा वर सरकवला, डाव्या हाताचा दाब वाढवला, आणि बहुतेक अडथळे गेले. कारण साधं आहे. स्लाइड मागे जाते ती फ्रेमच्या, म्हणजे मुठीसकट खालच्या सांगाड्याच्या आधारावर. मनगट सैल असेल तर फ्रेमही तिच्यासोबत मागे जाते, स्लाइडची धाव अपुरी पडते आणि पुंगळी सुटत नाही. फ्रेम जितकी हलकी, तितकं हे जास्त जाणवतं. म्हणून तुझ्या पिस्तुलाची परीक्षा तुझ्याच हाताने व्हायला हवी. माझ्या हाताने ते पाचशे वेळा चाललं तरी तुझ्या कामाचं नाही.

तिसरी घटना साधारण अकराशे गोळ्यांनंतरची. पुंगळीला आकड्याने ओढून काढणारा छोटा भाग असतो, एक्स्ट्रॅक्टर. त्याच्या टोकाचा कपचा उडाला. यात ना माझी चूक होती, ना गोळीची. कंपनीने दुरुस्त करून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण पिस्तूल पाच आठवडे घरात नव्हतं. आजन्म वॉरंटी चांगलीच. पण ती धातू बदलून देते, रात्र परत देत नाही. हे सुरुवातीलाच लक्षात ठेव.

स्वस्त म्हणजे नेमकं काय कमी असतं, हे माझ्या धंद्याच्या नजरेतून सांगतो. ओहायोतल्याच मॅन्सफिल्डमध्ये बनणारं हाय-पॉइंट सी-९ घे. या देशातल्या सगळ्यात स्वस्त नऊ मिलिमीटर पिस्तुलांपैकी ते एक. त्याची स्लाइड पोलादाची नाही, जस्ताच्या मिश्रधातूची, साच्यात ओतलेली. असे भाग मी निम्मं आयुष्य ओतले आहेत. नळाच्या तोट्या, कुलपं, खेळण्यातल्या मोटारी त्याच धातूच्या असतात. तो चारशे अंशांच्या आतच वितळतो, साचा टिकतो, आकार नेटका येतो, यंत्रकाम वाचतं. पण महाग पिस्तुलात गोळी सुटताना नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकींत अडकून मागे जातात. ती जोडणी इथे नाही. नळी फ्रेमला पक्की, आणि स्लाइडला मागे जायला उशीर लावायचा तो केवळ तिच्या वजनाने. म्हणून सी-९ रिकामं असतानाही आठशे ग्रॅमच्या वर भरतं आणि त्यात आठच गोळ्या मावतात. महागातलं ग्लॉक १९ सहाशे ग्रॅमच्या आसपास असून पंधरा घेतं. साफ करायला सी-९ उघडायचं तर सुंभ्याने पिन ठोकून काढावी लागते. ओबडधोबड आहे, तरी मला त्यात अप्रामाणिकपणा दिसत नाही. पैसे कुठे वाचवले ते लपवलेलं नाही.

माझं मत असं आहे की स्वस्त मालाची सरासरी लोक समजतात तितकी वाईट नसते. त्याचा पसारा मोठा असतो. तपासणीला वेळ कमी, मापांना ढील जास्त, हाताने जुळवून घेणं जवळजवळ नाहीच. त्यामुळे एकाच दिवशी एकाच ओळीतून निघालेले दोन नग, एक दहा हजार गोळ्या झाडेल आणि दुसरा पहिल्या डब्यातच रडेल. त्या दोघांचे मालक भेटले की भांडतात. महाग वस्तूत तू जास्तीचे पैसे देतेस ते बरेचसे हा पसारा आवळण्याचे. स्वस्त घेतलंस तर तपासणीचं काम कारखान्याने तुझ्या गळ्यात घातलं असं समज आणि ते मनापासून कर.

आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त घोर आहे ती. भरवसा दोन बाजूंचा असतो. चाप ओढल्यावर उडलं पाहिजे, आणि ओढला नाही तर कधीही उडता कामा नये. लोक पहिलीच बाजू मोजतात. कॅलिफोर्नियात ब्रायको नावाची कंपनी स्वस्तातली पिस्तुलं बनवायची. १९९४ साली तिचं एक पिस्तूल रिकामं करताना उडालं आणि सात वर्षांच्या मुलाला कायमचा पक्षाघात झाला. त्या मॉडेलची रचनाच अशी होती की गोळी काढायला आधी सेफ्टी, म्हणजे पिस्तूल उडू न देणारी कळ, उघडावी लागे. सेफ्टी लावलेली असताना गोळ्या अडकत, तो दोष झाकायला रचना बदलली, असं वादीच्या वकिलांचं म्हणणं होतं. २००३ मध्ये ज्युरीने दिलेल्या भरपाईच्या निकालानंतर कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मी ते वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. मीही आयुष्यभर रचनेतले बारीकसारीक बदल मंजूर केले होते.

टॉरस या ब्राझिलियन कंपनीवरही पिस्तूल खाली पडल्यावर उडू शकतं असा दावा झाला. कंपनीने आरोप नाकारले, पण २०१५ मध्ये तडजोड केली. त्यात पीटी-१११ मिलेनियम, पीटी-२४/७ धरून नऊ जुनी मॉडेलं होती. त्यांचं आजचं जी-३-सी मॉडेल वेगळं. पण कुणी सेकंडहँड 'पीटी' अक्षरांचं काही स्वस्तात देऊ केलं तर आधी मॉडेल त्या नवांतलं नाही ना ते बघ. महागातही हे घडतं. सिग सॉअर कंपनीने २०१७ मध्ये आपल्या पी-३२० पिस्तुलासाठी स्वेच्छेने सुधारणा करून देण्याची योजना काढली, तीही खाली पडण्याच्याच प्रश्नावरून. तेव्हा पिस्तूल कुठलंही घे, त्याचा सीरियल नंबर कंपनीच्या रिकॉल यादीत, म्हणजे दोषामुळे परत मागवलेल्या नगांच्या यादीत तपासल्याशिवाय त्यात गोळी घालू नकोस.

पैशांचं गणित वेगळं मांड. तीनशेचं पिस्तूल तीनशेला पडत नाही. सरावाच्या पन्नास गोळ्यांना बारा ते पंधरा डॉलर लागतात. चारशे गोळ्या सरावाच्या आणि शंभर त्या, ज्या तू खरंच जवळ बाळगणार, पोकळ नाकाच्या. या दुसऱ्या गोळीमागे डॉलरच्या आसपास जातो. त्या आखूड आणि बोथट असतात, आणि बऱ्याच स्वस्त पिस्तुलांना नेमक्या त्याच गिळता येत नाहीत, म्हणून ही शंभर वगळू नकोस. शिवाय दोन जादा मॅगझीन, तिजोरी, कानांचं संरक्षण, एक दिवसाचा वर्ग. एवढं झेपत नसेल तर पिस्तूल पुढच्या वर्षी घे. किंवा पोलीस खात्याने बदलून टाकलेलं, जुनं पण नावाजलेलं पिस्तूल बघ. बाहेरून घासलेलं असतं, आतून बरेचदा फारसं चाललेलं नसतं, आणि किंमत नव्या स्वस्त पिस्तुलाच्या जवळपासच. मला विचारशील तर मी हेच घेईन.

परीक्षेत पहिल्या दोनशे गोळ्यांत दोन-तीन अडथळे आले तर घाबरू नकोस, नवी स्प्रिंग नरम पडायला वेळ घेते. पुढच्या तीनशेत मात्र, तेल घातलेलं, मॅगझीन बदलून पाहिलेलं, पकड सुधारलेली असताना एकही अडथळा मला चालणार नाही. एक आला तर कारण शोध आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू कर. नळीतला उतार चकचकीत करायला कुणी घासायचं यंत्र आणून देईल, हात लावू देऊ नकोस. पिस्तूल कंपनीकडे पाठव.

आणि हे तर पाठच कर. चाप ओढलास आणि आवाज झाला नाही, तर नळी समोरच्या बाजूला धरून तीस सेकंद थांब. गोळी उशिरा उडू शकते. आवाज झाला, पण नेहमीपेक्षा दबका, फुसका, तर लगेच थांब. दुसरी गोळी घालू नकोस. पहिली नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागून दुसरी झाडली तर नळी फुटते. रेंजवरच्या अधिकाऱ्याला हाक मार. मागे लोक खोळंबलेत म्हणून लाजू नकोस.

एक बोलू का? रात्रपाळीने माणूस आतून खचतो, मला माहीत आहे. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. कधी मन फार काळवंडलं तर मला कुठल्याही वेळी फोन कर. मी येऊन तिजोरी घरी घेऊन जाईन, कारण विचारणार नाही.

शनिवारी सकाळी नऊला रेंजवर ये. अजून काही विकत घेऊ नकोस, तिथे भाड्याची चार पिस्तुलं आहेत, चारही झाडून बघू. कानाला लावायचे मफ माझ्याकडे जादा आहेत. काकू डब्यात पोहे देणार आहे. येताना शंभर पानी वही तेवढी आण, रकाने मी आखून देतो.

तुझा काका