चियांग माई पायी बघून होतं का?

प्रश्न: ताई, आईसोबत थायलंडला चाललोय, चियांग माईला एकच दिवस मिळतोय, देवळं, चित्रं पायी बघून होतील का? – एक वाचक, जळगाव

उत्तर: होतील ना भाऊ! जुनं शहर चौकोनी खंदकाच्या आत आहे, एकेक बाजू जेमतेम दीड किलोमीटर. सकाळी लवकर वाट फ्रा सिंगला (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे देऊळ) जा, तिथल्या विहार लाय खामच्या भिंतीवर शंखातून जन्मलेल्या राजपुत्राची गोष्ट रंगवलीय, त्यात त्या काळचे कपडे, घरं सगळं दिसतं, ती घाईत बघू नका प्लीज. मग वाट चेदी लुआंग, 1545 च्या भूकंपात वरचा भाग कोसळला तरी विटांचा स्तूप केवढा भव्य! शेजारचं सागवानी वाट फान ताओ बघाच. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. मार्च मात्र टाळा, शेतं-जंगलं जाळल्याचा धूर असतो, आईंना त्रास होईल.