कागदावर दोन वेळा लिहून ठेवा

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. सुट्टी मिळाली की मित्रांबरोबर डोंगरात जातो. संध्याकाळी फोन लागला नाही की माझा जीव टांगणीला लागतो. किती वेळ वाट बघायची आणि मदत कधी मागायची, हेच कळत नाही.

उत्तर : ताई, हे त्या संध्याकाळी घाबरलेल्या मनाने ठरवायला लागूच नये, ते सकाळी तो निघायच्या आधीच ठरलेलं पाहिजे. त्याच्याकडून एक कागद लिहून घ्या. कुठल्या वाटेने चढणार, कुठून उतरणार, गाडी कुठे लावणार, बरोबर कोण कोण आहे आणि त्यांचे नंबर. खाली दोन वेळा. पहिली म्हणजे खाली उतरून घरी फोन करायची, समजा सहा. दुसरी म्हणजे तोपर्यंत फोन आलाच नाही तर तुम्ही मदत मागायची, समजा नऊ. नऊ वाजले की आणखी अर्धा तास बघू असं करायचं नाही, सरळ आणीबाणीच्या नंबरला फोन करून कागद वाचून दाखवायचा. उगाच लोकांना त्रास दिला असं होईल का, ही भीती मनातून काढून टाका. मी बरीच वर्षं शोधपथकाबरोबर जातोय, अर्ध्या वाटेत पोरं सुखरूप असल्याचं कळलं तर आम्हाला आनंदच होतो हो.

एकदा असा कागद नव्हता. घरच्यांना एवढंच माहीत की डोंगरात गेलाय, मग कुठला डोंगर इथपासून सुरुवात, त्याची गाडी सापडेपर्यंतच पहाट झाली. मुलगा सापडला, पण वाट चुकल्यावर तो रात्रभर चालत राहिलेला आणि आम्ही शोधत होतो तिथून लांब लांब गेलेला. एका बुटाचा तळ निघाला होता, तो त्याने शर्टाची बाही फाडून बांधला होता, आणि फोन टॉर्च लावून लावून कधीच बंद पडला होता.

म्हणून मुलाला एवढं नक्की सांगा की वाट चुकली असं वाटलं की थांबायचं. बसायचं, पाणी प्यायचं, शेवटची ओळखीची खूण कुठे दिसली होती ते आठवायचं. परतीची वाट खात्रीने माहीत असेल तरच मागे फिरायचं, नाहीतर आणि अंधार पडला तर तर मुळीच हलायचं नाही, कारण बसलेला माणूस लवकर सापडतो आणि अंधारात चालणारा पडतो. शिट्टी जवळ पाहिजेच, तीनदा वाजवायची, थांबायचं, परत तीनदा, घसा ओरडून अर्ध्या तासात बसतो पण शिट्टी रात्रभर वाजवता येते. टॉर्च वेगळा न्यायचा. फोन लागत नसला तरी मेसेज पाठवून बघायचा, थोडीशी रेंज आली तरी तो जातो, आणि त्यात जीपीएसचे आकडे टाकायचे कारण जीपीएसला रेंज लागत नाही. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी आणीबाणीचा नंबर लावून बघायचाच, तो दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो.

प्रश्न : उघड्या माळावर असताना विजा सुरू झाल्या तर? आम्ही मागच्या वेळी सगळे एका झाडाखाली उभे राहिलो.

उत्तर : सुखरूप आलात हे फार बरं झालं, पण परत असं करू नका. एकट्या झाडावर वीज पडली की ती खोडातून जमिनीत पसरते आणि आजूबाजूला उभ्या असलेल्यांना लागते. वीज दिसली की आकडे मोजा, साधारण तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला म्हणजे ती दहा किलोमीटरच्या आत आहे, लगेच पक्क्या इमारतीत किंवा पत्र्याचं छत असलेल्या बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. यातलं काहीच जवळ नसेल तर माथ्यावरून, पाण्यातून, तारेच्या कुंपणापासून लांब व्हा आणि एकमेकांपासून अंतर ठेवा, म्हणजे एकाला लागली तर मदतीला दुसरा उरतो. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, त्याला हात लावायला घाबरू नका, श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोरात दाबायला लागा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मदत येईपर्यंत.

प्रश्न : साप चावला तर वर घट्ट बांधायचं की नाही?

उत्तर : नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फही लावायचा नाही. अंगठी, कडं, घड्याळ सूज यायच्या आत काढा, तो हात किंवा पाय हलू देऊ नका आणि थेट दवाखाना. साप पकडायच्या मागे लागू नका, त्यात दुसऱ्याला चावतो.

प्रश्न : घरात आणीबाणीसाठी काय काय ठेवायचं? मोठ्या याद्या बघितल्या की काहीच होत नाही.

उत्तर : आज फक्त पाणी भरून ठेवा, माणशी दिवसाला चार लिटर, तीन दिवसांचं. उद्या रोजची औषधं, टॉर्च, कागदपत्रांच्या झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत. पुराचं पाणी आलं तर त्यातून चालायचा मोह नको, पंधरा सेंटिमीटर वाहतं पाणीही मोठ्या माणसाला पाडतं आणि साठ सेंटिमीटरमध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात. आणि पिशवीत नंबर कागदावर लिहून टाका, फोन बंद पडला की घरच्यांचे नंबरसुद्धा आठवत नाहीत हे मी स्वतः बघितलंय. त्यात एक नंबर लांबच्या गावातल्या नातेवाइकाचा ठेवा, मोठी आपत्ती आली की गावातल्या गावात फोन लागत नाहीत पण बाहेर बऱ्याचदा लागतो, मग सगळ्यांनी त्या एकाच माणसाला कळवायचं की मी कुठे आहे.