फोटोशिवाय नाताळचं दान

प्रश्न: मावशी, सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीचा तरुण संघ दर नाताळात गावाबाहेरच्या वस्तीवर ब्लँकेटं वाटतो. मागे बॅनर, पुढे रांग, प्रत्येकाबरोबर फोटो. गेल्या वर्षी एका आजींनी फोटोच्या वेळी पदर तोंडावर ओढून घेतला. आमच्यातलाच एक मुलगा म्हणाला, "आजी, पदर बाजूला करा ना." ते माझ्या मनातून जात नाही. यंदा जबाबदारी माझ्यावर आलीय. दीर म्हणतात, फोटो नसेल तर देणगी कोण देईल? काहींचा आग्रह आहे की आधी अर्धा तास बायबलचा संदेश, मग वाटप. वस्तीत ख्रिस्ती घरं फार नाहीत. काय करू?
– एक भगिनी, श्रीरामपूर तालुका

उत्तर: सलाम, बाई. पदराचं लिहिलंत म्हणून माझं सांगते.

१९७२ च्या दुष्काळात मी नगरला चौथीत होते. आई दवाखान्यात आया. घरी मिलोच्या, म्हणजे बाहेरून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी. त्या नाताळात परदेशातून आलेले जुने कपडे वाटले. नाव पुकारलं की पुढे जायचं, एखादं वचन म्हणून दाखवायचं, मग कपडा मिळायचा. मला तेविसावं स्तोत्र पाठ होतं. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही," असं सगळ्यांसमोर खणखणीत म्हणून मी कुणाचा तरी जुना हिरवा स्वेटर घेतला. आईने त्याच रात्री तो उसवला. लोकर रिठ्याच्या पाण्यात धुतली, लड्या करून दोरीवर वाळवल्या आणि रात्रपाळीच्या डुलक्या मोडत महिनाभर नवा विणला. का, तर शाळेत कुणी ओळखू नये. वाटणारी माणसं वाईट नव्हती हो. स्वेटरही उबदार होता. पण आईची ती मेहनत थंडीसाठी नव्हती.

म्हणून फोटो नको. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं, सहाव्या अध्यायातलं, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे वचन तुम्हाला पाठ असेलच. मला पंचविसावा जास्त बोचतो. भुकेल्याला जेवू घालणारे तिथे उलट विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी भुकेलेला पाहिलं? त्यांच्या लक्षातच नसतं! आपल्याकडे मात्र अल्बम तयार.

दिरांची अडचण मात्र खरी आहे. देणाऱ्याला हिशेब हवा, आणि तो द्यावाच. दुकानाचं बिल लावा, किती घरांना काय गेलं ते रविवारी उपासनेनंतर वाचून दाखवा. त्यात कुणाचा चेहरा लागत नाही. आणखी एक करून बघा. मिझोरामच्या ख्रिस्ती बायका १९१० पासून स्वयंपाकाला बसताना मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. आपण ज्वारी-बाजरी काढू. सगळ्यांच्या मुठी एका पोत्यात गेल्या की दाता कोण, हा प्रश्नच उरत नाही.

संदेशाचं थेट सांगते: नको. हातात ब्लँकेट धरून समोरच्याचे कान मागायचे नाहीत. त्यामुळे ऐकणाऱ्याला आपल्या बोलण्याचा संशय येतो, आणि तो येणं बरोबरच आहे. कुणी आपणहून विचारलं, तुम्ही हे का करता, तर जरूर सांगा. दोन वाक्यांत होतं.

आता ब्लँकेट. डिसेंबरात सगळेच ब्लँकेटं वाटतात. मी नर्स म्हणून वस्त्यांवर फिरले, तेव्हा एकेका घरात ब्लँकेटांच्या चार-चार घड्या पाहिल्यात, आणि तिथेच बीपीची गोळी महिन्यातून दहा दिवस संपलेली. पंडिता रमाबाईंचे आई-वडील दुष्काळात उपासमारीने गेले होते. १८९६ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, पण केडगावच्या आपल्या आश्रमात त्यांना नुसतं जेवू घातलं नाही. शेती, विणकाम, छापखाना, सगळं शिकवलं. आपली काही तेवढी ताकद नाही. पण आधी जाऊन विचारायला काय लागतं? जूनमध्ये वह्या हव्यात की पावसाआधी ताडपत्री, ते वस्तीलाच माहीत.

दोघी-दोघी जा, बॅनर घरी ठेवून. बरोबर फराळाचा डबा न्या. करंज्या, चकल्या, आपल्या घरी खाऊ तेच; उरलेलं, मऊ पडलेलं नाही. आणि तो डबा तिथेच सोडून या. आपल्याकडे डबा कुणी रिकामा परत करत नाही. मूठभर शेंगा येतील, नाहीतर चार बोरं. तेवढी घ्या.

त्या आजींचं नाव तुमच्या पत्रात नाही. यंदा पहिल्यांदा त्यांच्याकडेच जा. चहा ठेवतील. मला साखर चालत नाही वगैरे सांगू नका, पिऊन टाका.