गाणं कुणाचं, गायलं कुणी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या महिन्यात या सदरात समलिंगी माणसांवरची, पण स्ट्रेट गायकांनी गायलेली लोकप्रिय गाणी हा विषय घेतला होता. त्यावर नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी काहींना आज उत्तरं देतो.

आमच्या कॉलेजच्या बँडमध्ये मी गातो. गॅदरिंगला ‘लोला’ घ्यायचं म्हटलं तर दोघं मित्र म्हणाले, ‘तू काऊन गाऊन राहिला बे, तू तर स्ट्रेट आहेस.’ मला तो अधिकार नाही का? (धरमपेठ)

जरूर गा, पण आधी ते गाणं नीट समजून घे. ‘द किंक्स’ या ब्रिटिश बँडचं हे गाणं 1970 चं, त्यांच्या रे डेव्हिसने लिहिलेलं. लंडनच्या सोहो भागातल्या क्लबमध्ये एका अननुभवी पोराला लोला भेटते, तो तिच्यासोबत नाचतो आणि ती आपल्याला वाटली तशी बाई नाही हे हळूहळू त्याच्या ध्यानात येतं. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर ही गोष्ट पारलिंगी व्यक्तीच्या जास्त जवळची आहे. स्टेजवर दोन वाक्यं बोलणार असशील तर हा फरक सांग.

त्या काळी बीबीसीने आक्षेप घेतला तो कोका-कोलाच्या नावावर, कारण त्यात जाहिरात होत होती. अमेरिकेच्या दौऱ्यावर असलेला डेव्हिस तेवढ्यासाठी लंडनला परत आला आणि तिथे ‘चेरी कोला’ असे शब्द गाऊन गेला. गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. ते आजही ऐकवतं, कारण त्यातला पोरगा गोंधळतो, घाबरतो, पण लोलाची टिंगल करत नाही. तू कंबर लचकवून, डोळा मारून गायलास तर सभागृह हसेल आणि गाण्यातली माणसं तिथेच संपतील.

अधिकाराचं म्हणशील तर ब्रिटिश गायक रॉड स्ट्युअर्टचं 1976 चं ‘द किलिंग ऑफ जॉर्जी’ एकदा शांतपणे ऐक. बायकांवर भाळणारा मर्द गडी अशी तेव्हा त्याची प्रतिमा होती. अशा माणसाने सहा मिनिटांहून लांब गाण्यात एका समलिंगी मित्राची गोष्ट सांगितली. आईबापांना मुलगा समजत नाही, तो घर सोडून न्यूयॉर्कला जातो, तिथे सगळ्यांचा लाडका होतो आणि एका रात्री रस्त्यावर गुंडांच्या हातून मारला जातो. स्ट्युअर्टच्या ‘फेसेस’ या बँडच्या ओळखीतल्या एका मित्राचा खरोखरच असा खून झाला होता. स्ट्युअर्ट या गाण्यात जॉर्जी होऊन गात नाही. तो शेवटपर्यंत जॉर्जीचा मित्र राहतो, जे पाहिलं-ऐकलं ते सांगतो आणि मग नुसतं त्याला थांबवत राहतो, जाऊ नकोस म्हणतो. मित्राची जागा तुझ्याकडेही आहे. तुझ्या वर्गात, तुझ्या हॉस्टेलवर असा कुणीतरी असणारच. तो समोर बसून ऐकतोय असं धरून गा.

माझा अकरावीतला मुलगा ‘टेक मी टू चर्च’ हे एकच गाणं दिवसभर ऐकतो. व्हिडिओत दोन मुलं आहेत. मी काय समजावं? (महाल)

ताई, गाण्यावरून काहीच समजू नका. आयर्लंडच्या होझियरचं 2013 चं हे गाणं जगभर कोट्यवधी पोरांनी असंच वेड्यासारखं ऐकलं. तो स्वतः समलिंगी नाही. त्याचा राग धर्मसंस्थेवर आहे, जी माणसाला प्रेमाचीच लाज वाटायला लावते. व्हिडिओत दोन तरुणांच्या प्रेमावर जमाव चालून येतो. तो रशियातल्या समलिंगींवरच्या हल्ल्यांना उद्देशून केला होता. मुलाच्या शेजारी बसून एकदा पूर्ण पाहा आणि ‘फार वाईट झालं रे त्यांचं’ एवढंच म्हणा. त्याला सांगण्यासारखं काही असेल तर आई कुठे उभी आहे हे त्याला कळलेलं असेल. नसेल तरीही आईने आपलं गाणं ऐकलं, याचा त्याला आनंद होईल.

आमचा ऑर्केस्ट्रा आहे. हळदीला, संगीतला ‘माँ दा लाडला बिगड़ गया’ची फर्माईश हमखास येते आणि नवऱ्याच्या मित्रांना नाचवून लोक हसतात. हे बंद करावं का? (इतवारी)

भाऊ, हे गाणं ज्यातलं तो ‘दोस्ताना’ सिनेमा आला 2008 मध्ये. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 तेव्हा जिवंत होतं. दिल्ली उच्च न्यायालयाने दुसऱ्या वर्षी ते शिथिल केलं, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत आणलं आणि अखेर 6 सप्टेंबर 2018 ला संमतीने एकत्र येणाऱ्या प्रौढांवरचा तो गुन्हा गेला. सिनेमातले दोन नायक फ्लॅट मिळवण्यासाठी गे असल्याचं सोंग करतात आणि गाणं त्यातल्या एकाच्या आईला बसलेल्या धक्क्यावर बेतलेलं आहे. मात्र तीच आई पुढे मुलाच्या ‘जोडीदारा’ला सुनेसारखं घरात घेते. हिंदी पडद्यावर असं काही पाहायला मिळणं तेव्हा अनेकांना मोठा आधार वाटला होता, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

म्हणून गाणं बंद करा असं मी म्हणणार नाही. फक्त कुणा एका मुलाला बोट दाखवून, नाव घेऊन मध्ये ओढू नका. त्या मांडवात एखादा पोरगा असतो ज्याला वर्षभर याच गाण्यावरून चिडवलेलं असतं. आणि त्याच्या जोडीला ‘शुभ मंगल ज्यादा सावधान’मधलं ‘मेरे लिए तुम काफी हो’ बसवा. 2020 मध्ये आयुष्मान खुरानाने ते गायलं, पडद्यावर त्याचं प्रेम दुसऱ्या पुरुषावर आहे, आणि सूर इतका घरगुती की नवरा-नवरीलाही चालतो.

मी गे आहे, गाणी लिहितो, मराठीतच. स्ट्रेट गायकांनी आमच्यावर गायलं की टाळ्या आणि बक्षिसं त्यांना. आम्ही गायलो तर ‘त्यांचं ते’. याचा संताप येतो. (सदर)

संताप रास्त आहे. रशियाच्या ‘टाटू’ या जोडीचंच बघा. दोन मुलींच्या प्रेमाचं गाणं विकून त्यांनी 2003 मध्ये ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक गाठला. नंतर कळलं, जोडपं वगैरे काही नव्हतं, सगळी मॅनेजरची आखणी होती. त्यातल्याच एकीने 2014 मध्ये टीव्हीवर सांगितलं, मुलगा समलिंगी निघाला तर मला चालणार नाही. ज्या मुलींनी ते गाणं आपलं मानून उशाशी ठेवलं होतं, त्यांना काय वाटलं असेल!

ब्रूस स्प्रिंगस्टीन वेगळा. ‘फिलाडेल्फिया’ सिनेमासाठी त्याने एड्सने खंगत चाललेल्या माणसाच्या तोंडून गायलं, 1994 चा ऑस्कर घेतला. गाण्यात आजाराचं नाव नाही, ‘गे’ हा शब्द नाही. आपल्याला न ओळखणाऱ्या शहरात भटकणारा एक देह तेवढा आहे. असं गाणं गायकाच्या शय्येची चौकशी न करता स्वीकारावं असं मला मनापासून वाटतं.

रॅपर मॅकलमोरच्या 2012 च्या ‘सेम लव्ह’ या गाण्यावर तुमचाच आक्षेप तिकडेही घेतला गेला. समलिंगी रॅपर कितीतरी वर्षं गात होते, कौतुक झालं स्ट्रेट रॅपरचं. पण त्या गाण्याचा जीव मेरी लॅम्बर्टच्या ध्रुवपदात आहे. ती स्वतः लेस्बियन, ते शब्द तिच्या प्रेमातून आलेले, आणि पुढे तिने त्यातूनच स्वतःचं स्वतंत्र गाणं केलं. 2014 च्या ग्रॅमी सोहळ्यात हे गाणं सुरू असताना 33 जोडप्यांची लग्नं लागली, त्यात समलिंगी जोडपीही होती. आपल्या नागपुरात 2021 च्या अखेरीस दोन डॉक्टर तरुणींनी घरच्यांच्या साक्षीने अंगठ्या घातल्या, पण सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर 2023 च्या निकालानंतरही त्या नात्याला कायद्याने लग्न म्हणता येत नाही. आपली गाणी अजून याच मधल्या जागेतून यायची आहेत.

स्ट्रेट गायकांकडून मला हवं आहे ते हे: माइकची अर्धी जागा आणि गीतकार म्हणून तुमचं नाव. मराठीत तर परंपरा आहेच. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत पुरुष कवी विरहिणी होऊन बोलतो, आपल्या विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्यात पुरुषच बाई होऊन नाचतो. ती समलिंगी प्रेमाची गाणी नव्हेत, तसा दावा करू नये. पण दुसऱ्याच्या तोंडून बोललेलं मराठी कानाला कधी खटकलं नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं. धरमपेठेतल्या त्या बँडला गाणी हवीच आहेत. तुमची हरकत नसेल तर दोघांची गाठ घालून देतो. होकार कळवा, आणि गाणं चालीसकट पाठवा.