युरोपातल्या भाषांत 'राजा'ला इतके वेगवेगळे शब्द का? आपल्या 'राजा'शी त्यातल्या कुणाचं नातं आहे का?

नातं आहे, ते आधी सांगून टाकतो. लॅटिनमधला 'रेक्स' आणि संस्कृतातला 'राजन्' एकाच मुळातले. स्पॅनिश 'रेय', इटालियन 'रे', फ्रेंच 'र्वा' ही त्या रेक्सचीच लेकरं, आणि आयरिश 'री' त्यांचा चुलतभाऊ. पण पूर्वेकडे, रशियन, पोलिश, सर्बियन अशा स्लाव्ह भाषांत, हा शब्द सापडत नाही. मला जास्त मजा तिथल्या शब्दांत वाटते.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मी रशियन शिकत होतो तेव्हाची गोष्ट. निबंधात मी 'फ्रान्सचा त्सार लुई' असं लिहिलं. बाईंनी 'त्सार'वर लाल रेघ मारली आणि वर लिहिलं, 'कोरोल'. रशियाचा तो त्सार, बायबलातला दावीदसुद्धा त्सार. पण पॅरिस-लंडनचे राजे कोरोल. पत्त्यांतला राजाही कोरोल आणि बुद्धिबळातलाही. (त्याच्या शेजारी मात्र राणी नाही, आपल्यासारखा वजीरच असतो. त्याला ते 'फेर्झ' म्हणतात, शब्द फारसी.)

तर हे दोन्ही शब्द मुळात माणसांची नावं आहेत. कळलाव्याला आपण नारद म्हणतो ना, तसंच, फक्त इथं नावाचं थेट पद झालं.

'त्सार' म्हणजे सीझर. ज्यूलियस सीझरच्या घराण्याचं हे नाव दत्तक वारस ऑक्टेव्हियनकडे आलं आणि पुढच्या सम्राटांनी ते चालवलं. इ.स. 68 मध्ये नीरोबरोबर ते घराणं संपलं, नाव मात्र गादीला चिकटून राहिलं. जुन्या लॅटिनमध्ये त्याचा उच्चार 'कायसार' असा होता, म्हणजे जर्मन 'कायझर' मूळ उच्चाराला इंग्रजी 'सीझर'पेक्षा कितीतरी जवळचा. स्लाव्ह लोकांकडे त्याचं 'त्सेसार' झालं आणि झिजत झिजत 'त्सार' उरलं. मॉस्कोच्या चौथ्या इव्हाननं 1547 मध्ये त्सार म्हणून राज्याभिषेक करवून घेतला. अरबी-फारसीमार्गे हेच नाव 'कैसर' होऊन आपल्यापर्यंतही पोचलं: 1877 पासून व्हिक्टोरिया राणी 'कैसर-ए-हिंद' झाली, आणि पुढे त्याच नावाचं पदक 1919 मध्ये पंडिता रमाबाईंना मिळालं.

'कोरोल' म्हणजे कार्ल. इंग्रज ज्याला शार्लमेन म्हणतात तो फ्रँकांचा, म्हणजे पश्चिम युरोपातल्या एका जर्मानिक जमातीचा राजा. त्याचं राज्य पूर्वेला स्लाव्ह टोळ्यांना जाऊन भिडलं होतं. त्यांच्या दृष्टीनं बलाढ्य राजा म्हणजे कार्ल, मग कुठलाही राजा म्हणजे कार्ल. इ.स. 800 च्या नाताळात रोममध्ये पोपनं या कार्लच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला, म्हणजे तो स्वतः सीझरच्या गादीवर बसला. सीझरच्या नावाचं सम्राटपद झालं, आणि त्या पदावर बसलेल्या माणसाच्या नावाचं एक पायरी खालचं राजेपद!

हे केवळ नावांच्या साम्यावर बेतलेलं नाही, पुरावा उच्चारात आहे. राजाला सर्बियनमध्ये 'क्राल्य', पोलिशमध्ये 'क्रूल', रशियनमध्ये 'कोरोल'. आता गाव-गढी या अर्थाचा शब्द बघा: सर्बियन 'ग्राद' (बेलग्रेडचं खरं नाव बेओग्राद), पोलिश 'ग्रूद', रशियन 'गोरोद'. बदल हुबेहूब तोच. म्हणजे या भाषा एकमेकींपासून फार लांब जाण्याआधीच 'कार्ल' त्यांच्या तोंडी बसला होता. नंतर हंगेरियनांनी स्लाव्हांकडून 'किराय' उचलला, तुर्कांनी 'क्राल'.

राहिला जर्मन 'क्योनिग', इंग्रजी 'किंग'. त्याचा अर्थ साधारण 'कुळातला', 'खानदानी'. त्याचं सगळ्यात जुनं रूप मात्र जर्मनीत नाही, फिनलंडमध्ये सापडतं. फिनिश भाषेचा जर्मनशी रक्ताचा संबंध नाही, पण दोन-एक हजार वर्षांपूर्वी तिनं 'कुनिंगाझ' उसना घेतला आणि आजही 'कुनिंगास' म्हणून जपून ठेवलाय. मूळ मालकांनी त्याचं शेपूट कधीच गाळलं.

लिथुआनियनांनीही तोच शब्द घेतला होता, पण तिथं आज 'कुनिगास' म्हणजे चर्चमधला पाद्री. मग राजाला काय म्हणतात? 'कारालियुस'. पुन्हा कार्लच.