'शिंच्या' ठेवावा की काढावा?

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नाटुकलं बसवतो आहोत. त्यातले कोकणातले आजोबा नातवाला 'शिंच्या' म्हणतात आणि पोस्टमनला "अहो शिंच्या, पत्र कुठंय?" असं विचारतात. एका पालकांच्या मते ही घाण शिवी आहे. शब्दाचा शिंदे आडनावाशी काही संबंध आहे का? वाक्य ठेवावं का?
– एक शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : आडनावाशी संबंध नाही, ताडी देणाऱ्या शिंदीशीही नाही. मूळ शब्द 'शिंदळीचा'. शिंदळ म्हणजे व्यभिचारिणी, म्हणजे शिवी थेट आईवर जाते. मधलं 'दळी' गळालं आणि 'शिंचा' उरला. डोकं आणि शेपूट तेवढं ठेवून पोट कापलं की शिवी घरात बोलता येते! 'च्यायला'त उलट झालं : पुढचा 'त्याच्या' झिजून शेवटचा 'च्या' तेवढा 'आयला'ला चिकटला. त्यामुळे पालकांचं मुळाबद्दल चुकलेलं नाही. पण बोलणाऱ्याच्या मनात ते मूळ कधीच नसतं. उरतो तो लटका राग, अनेकदा निर्जीव वस्तूंवरही काढलेला : "शिंची छत्री ऐन पावसात उलटते", "शिंचं कुलूप उघडेल तर शपथ".

रूपं 'माझा'सारखी चालतात : शिंचा, शिंची, शिंचं, हाक मारताना शिंच्या. उच्चाराकडे मात्र लक्ष द्या, मुलं इथेच हमखास चुकतात. 'शिंचा' आणि 'शिंचं' यांतला च 'चमचा'तला; 'शिंची' आणि 'शिंच्या' यांतला 'चिमणी'तला. शब्द वाक्याच्या शेवटी टाकला की जास्त खुलतो : "गेला कुठे शिंचा!"

तुमच्या वाक्यात खटकतं ते 'अहो'. हाकेतला 'शिंच्या' अरे-तुरेतलाच. बरोबरीच्याला किंवा धाकट्याला. पोस्टमनला अहो-जाहो करायचं असेल तर राग पत्रावर काढा : "अहो, ते शिंचं पत्र आलं का?" नातवाला "शिंच्या, चप्पल कुठे टाकलीस?" खुशाल राहू दे.

तरीही पालक अडून बसले, तर 'लेका' घाला. धार जाईल, पण वाक्य मोडणार नाही. 'मेल्या' मात्र आजोबांना देऊ नका, तो आजीचा शब्द.